वीस मायक्रोलिटर ससा

वीज गेली तेव्हा फ्रीझरमध्ये
उणे वीसवर झोपला होता तो,
नखाएवढ्या कुपीच्या तळाशी
वीस मायक्रोलिटर.
लेबलवर जात लिहिलेली: ससा. नाव नाही.

इन्व्हर्टरने मान टाकली.
थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन मी रिक्षाने
वेंगुर्ला बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात.
बस्त्यावने लादी फोडली, विचारलं,
"काय गो बाय, खंयचो मासो?"
ससा, म्हटलं.
तो हसला नाही. वर मूठभर चुरा फुकट घातला.

कुणीतरी कधीतरी
माणसाच्या प्रथिनाचा एक तुकडा टोचला त्याला,
आणि त्याच्या रक्ताने
परक्याची खूण पाठ केली.
एकाच बाजूने नाही.
रापण ओढताना अख्खी वाडी लागते ना दोराला,
म्हातारे, बाया, शेंबडी पोरं,
ज्याला जिथे सापडेल तिथे हात,
तशी त्याची प्रतिपिंडं:
एक प्रथिनाच्या शेपटाला, एक कुशीतल्या घडीला,
एखादं नुसतंच लटकलेलं.
म्हणून तर कधी भलतंही लागतं जाळ्याला.
सत्तरच्या जवळ एक पुसट पट्टी येते,
तिचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

दहाला वीज आली.
नमुना क्रमांक चौदा.
खलाशी, वय एक्केचाळीस, जिभेच्या कडेला गाठ.
नाव फाइलमध्ये आहे. वाचलंय, लिहीत नाही.
पातळ पडद्यावर दुधाची पावडर कालवून ओतली,
रिकाम्या जागा बुजवल्या,
मग ससा, सगळाच्या सगळा,
रात्रभर, थंडीत, हलत्या तबकावर,
भरतीच्या लाटेहून हळू.

सकाळी धुतलं. सशाला ओळखणारी शेळी घातली,
शेळीला चिकटलेला उजेड.
अंधाऱ्या खोलीत बावन्न किलोडाल्टनवर
काळी आडवी रेघ आली,
कुणी बोट ठेवून म्हणावं, हा बघ.

कंपनीला फोन केला. तो लॉट संपला.
पुढचा ससा वेगळा, मॅडम,
पुन्हा पडताळून घ्या.
म्हणजे चौदाव्याला ज्याने ओळखलं
तो आता कुठेच नाही,
आणि पंधरावा उद्या बाराच्या एसटीने
सावंतवाडीहून येतोय.

रिकामी कुपी टाकवली नाही.
बेसिनमध्ये बस्त्यावचा बर्फ वितळलाय,
जाळीवर दोन खवले राहिलेत, चकचकीत.
ते कुणाचे, हे सांगणारं
माझ्याकडे काही नाही.