खिसे

मुहर्रकच्या दवाखान्यात गारवा असा
की बाहेरचे सेहेचाळीस अंश खोटे वाटावेत.
शायनी सिस्टरने हाक मारली, "दंताराम!"
दत्ताराम, म्हटलं. दत्ताराम गोविंद मांडवकर.
मग म्हटलं, राहू दे,
आजच्यापुरतं हेच बरोबर आहे.

डॉक्टर रनीम बारीक सळई हिरडीत घालून मोजतात,
शायनी लिहून घेते: पाच, सहा, सहा, सात.
गोदीत आम्हीही असंच मोजतो,
वेल्डची कड खाल्ली गेली का, किती खोल,
गेज लावून, न बोलता.
फक्त तिथे पत्र्याच्या जागी मी नसतो.

"दात आणि हिरडी सुटलेत," डॉक्टर म्हणाल्या,
"मधे पॉकेट झालेत. खिसे."
मी हसलो. तोंड आधीच उघडं होतं,
त्यामुळे कुणाला कळलं नाही.
एकवीस वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेला
एक्स्चेंजच्या खिडकीत मी खिसे उलटे करतोय,
आणि हे खिसे आतल्या आत भरत राहिले,
कुणालाच न पाठवलेले.

तंबाखू?
मिसरी, म्हटलं.
त्या चमकल्या. मिसरी? म्हणजे इजिप्तची?
नाही हो, लांज्याची.
तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, बोटाने घासायची,
दातांना चांगली म्हणून.
माझी सुटली पहिल्याच विमानतळावर,
शिपायाने पुडी हुंगून कचऱ्यात टाकली तेव्हा.
बायकोला कुणी अडवलं नाही.

मग सुई. मग हिरव्या काचांचा चष्मा.
आयुष्यभर काच मी डोळ्यांवर ओढली
ती उजेड माझ्या हातात असताना.
आज तो दुसऱ्याच्या हातात,
केसाएवढ्या तारेच्या टोकाला लाल ठिपका.
"तो ठिपका नुसती खूण," डॉक्टर म्हणतात,
"काम करतो तो उजेड दिसत नाही."

टिक. टिक. आणि वास.
तो मी ओळखतो,
बाहीत ठिणगी शिरली की येतो तो,
आपलाच, जळक्या केसांचा, जरा गोडसर.
आम्ही जाळून जोडतो.
इथेही म्हणे तसंच,
सडलेलं जाळायचं, उरलेलं आपलं आपण धरतं.
धरेल ना? मी बोटांनी विचारलं.
"इन्शाल्ला," शायनी म्हणाली,
त्रिशूरची, गळ्यात क्रूस.

एका बाजूचे नव्वद दिनार. विम्यात बसत नाही.

रात्री हिद्दच्या खोलीवर
कोमट मिठाचं पाणी तोंडात धरून बसलो होतो,
तेवढ्यात तिचा व्हिडिओ कॉल.
वर्षभर ती तोंडाला पदर लावूनच हसते.
मला वाटायचं, इतकी वर्षं झाली, अजून लाजते.
परवा पुतण्या बोलून गेला:
काकी एसटीने जाऊन
एकेक करून सगळे काढून आली,
कवळी टोचते, ती डब्यात असते.

तिचे त, थ, द वाऱ्यावर जातात.
माझे प, फ, ब आज जागेवर येत नव्हते,
ओठ सुईने झोपलेला.
दोघांच्या मिळून उरल्या अक्षरांवर
गॅस, काजूचा भाव,
शेजाऱ्याने सरकवलेला गडगा,
एवढं सगळं बोलून झालं.

"किती घेतले?" तिने विचारलं.
"नव्वद."
दिनार म्हणायला ओठ लागत नाहीत,
तरी तो शब्द आला नाही.
"नव्वद रुपये? बरं आहे हो तुमच्याकडे!
इथे एका दाताचे दोनशे घेतात,
आणि दातही ठेवून घेतात."
आणि हसली. पदर लावायला विसरली.

तेवढ्यात नेटवर्क अडखळलं.
पडद्यावर ते हसू तसंच थांबून राहिलं,
उघडं,
आणि मी तोंडातलं मीठ
न थुंकता, न गिळता.