चौथा ठिपका

तिघांना फुकट.
चौथ्या माणसापासून पैसे,
वर्षाचे अठराशे, एकदम भरले तर.
आम्ही नेमके चौघे.

श्रीरंगने फोन ठेवला वरणाच्या पातेल्याशेजारी
आणि म्हणाला, सात दिवसांची मुदत
आज रात्री बाराला संपते.

कारण आहे. नाही असं नाही.
मागच्या मंगळवारी अप्पा कोथिंबीर आणायला खाली उतरले
आणि पाच तासांनी सापडले वागळे इस्टेटमध्ये.
जिथे त्यांची कंपनी होती
तिथे आता काचेची इमारत आहे.
वॉचमनने त्यांना खुर्ची दिली होती, चहा दिला होता.
"पाळी सुटायचीय म्हणत होते अजून,"
तो म्हणाला, आणि हसला नाही.
त्याचं ते न हसणं मी विसरणार नाही.
कोथिंबिरीची जुडी अप्पांच्या मांडीवर
मान टाकून पडलेली.

माझ्या लग्नात आईने
प्रत्येक भांड्यावर नाव घालून घेतलं होतं, तारखेसकट.
जिन्याखाली बसून तो माणूस दोन दिवस टरर्र टरर्र करत होता.
नाव घातलेलं भांडं कुठेही जाऊ दे, परत येतं,
असं ती म्हणायची.
(एक कढई यायची आहे अजून.
नौपाड्यातल्या वझ्यांकडून. वीस वर्षं झाली.)

म्हटलं, अप्पांच्या सदऱ्याला आतून नंबर शिवून टाकते.
"आणि सदरा बदलला की?" मृण्मयी म्हणाली.
बरोबर होतं तिचं.

मग निघालं, की एकाला गाळू,
म्हणजे फुकटात बसेल.
मला गाळा, मृण्मयी म्हणाली.
श्रीरंग म्हणाला, माझं काय, ऑफिस आणि घर,
मलाच गाळा.
मला, मी म्हटलं.
जरा जास्तच पटकन म्हटलं.
कुणी कुणाकडे बघितलं नाही.
बघायचं सगळ्यांनाच होतं,
दिसायचं कुणालाच नव्हतं.

घरी कधी बोलले नाही, पण
लॅब सुटल्यावर मी कचराळी तलावाच्या काठी बसते.
बारा मिनिटं. फार तर पंधरा.
कुणाला भेटत नाही. शेंगदाणेसुद्धा घेत नाही.
दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताच्या नळ्यांवर
नावं चिकटवलेली असतात.
तेवढा वेळ माझ्यावर कुठलंच नसतं.
कुणी विचारलं का बसतेस,
तर सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही,
आणि न सांगण्यासारखंही.

अप्पा इतका वेळ ताकभात कालवत होते.
"ह्यात मी तुम्हाला दिसणार?"
हो, अप्पा.
"आणि तुम्ही मला?"

हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.
दळवीकाकू सांगतात,
दुपारी तीनपासून अप्पा गॅलरीत येऊन विचारतात,
आमची माणसं कुठवर आली?
मग आत जातात. मग पुन्हा येतात.
काकू रोज म्हणतात, निघालीत, येतीलच.
त्यांना तरी काय माहीत.

अकरा अठ्ठावन्नला श्रीरंगने ओटीपी टाकला.

आता संध्याकाळी अप्पा
कपाळावरचा चष्मा खाली ओढून
तीन ठिपके राखत बसतात,
कोंबड्या खुराड्यात येईपर्यंत कुणी राखावं तसे.
नावं चुकतात.
मृण्मयीला तिच्या आत्याच्या नावाने हाक मारतात,
श्रीरंगला एकदा "मास्तर" म्हणाले.
ठिपके चुकत नाहीत.

काल शेवटचे नमुने उशिरा आले,
मी कुठे न थांबता तशीच घरी आले.
दार त्यांनीच उघडलं. हातातली पिशवी घेतली.
माझं नाव आठवेना
म्हणून थोडा वेळ तोंडाकडे बघत राहिले,
मग आत कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू
म्हणाले,
"आज तळ्यावर नाही बसलीस?"