बारक्याचं माप

आधी त्याचं माप घेतलं, मग गाडीचं.
सातपूरच्या शेडमध्ये इस्माईल मिस्त्री
टेप हातात धरून उभा. साहेब, पलंग किती फुटांचा?
म्हटलं, थांब. कुत्रं आडवं होण्याआधी
स्वतःभोवती तीनदा फिरतं.
त्या फेरीचा व्यास मोज.

बारक्या बावन्न किलोचा.
नाव ठेवलं तेव्हा माझ्या चपलेवर झोपायचा.
चपला तेवढ्याच राहिल्या.

चार फूट दोन इंच भरला व्यास.
शालनचा पलंग तेवढ्यानं आखूड झाला.
ती म्हणाली, मी पाय दुमडून झोपेन,
तसंही तेहतीस वर्षं कुठं पसरून झोपलेय.
मला ते ऐकू आलं नाही असं दाखवलं.

ओझरला मी जन्मभर विमानांना रिव्हेट मारले,
विमानात एकदाही बसलो नाही.
कुठला जोड किती ओढ सोसतो
हे बोटांना पाठ आहे.
बारक्याचा हुक मी स्वतः बसवला,
तळाच्या पत्र्यात नाही, खाली चॅसिसमध्ये,
आणि पट्टा छातीला, गळ्याला नव्हे.
मिस्त्री हसला. कुत्र्यासाठी एवढं?
म्हटलं, वैमानिकासाठीही एवढंच करायचो.

खाली गोठ्यात घालतात तसली रबरी चटई,
नखं घसरू नयेत म्हणून.
चढायला जुन्या दाराची फळी, काथ्या गुंडाळलेली.
चार दिवस तिच्याकडे असा बघायचा
जसा मी बँकेतल्या मशीनकडे बघतो.
मग शालननं वरच्या टोकाला भाकरीचा तुकडा ठेवला.

पहाटे निघायचं, ऊन तापायच्या आत.
निघण्याआधी पोटभर खायला नाही,
खिडकी चार बोटं उघडी,
डोकं बाहेर काढू द्यायचं नाही, कितीही गयावया केली तरी.
बंद गाडीत त्याला एकटं सोडायचं नाही,
म्हणून मिसळसुद्धा पाळीपाळीनं:
आधी ती, मग मी. माझ्या वाट्याला
गार तर्री आणि मऊ पडलेली शेव.

दिंडोरी मागे पडली, लखमापूर फाट्याजवळ
द्राक्षांचा पिकअप बाजूच्या रस्त्यानं आडवा आला.
मी दाबलेला ब्रेक अजून पोटरीत आहे.
तांब्या उडाला, डबा उडाला,
लसणाची चटणी सगळ्या घराला लागली.
मागे एक आवाज झाला, ठक्.
मी तो ओळखतो. जोड धरतो तेव्हाचा.

वळून पाहिलं. बारक्या चारही पाय फाकवून उभा,
कानांत चटणी,
जराशा नाराजीनं माझ्याकडे बघत.
धरला, मी ओरडलो, शालन, हुकानं धरला!

शालन काही बोलली नाही.
दोन्ही पंजे डॅशबोर्डवर, चष्मा काचेखाली पडलेला,
कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ येत होतं.
तिच्या सीटला पट्टा नव्हता.
महिनाभर मी म्हणत होतो, उद्या बसवतो.

पिकअपवाला उतरला, हात जोडले,
एक क्रेट आमच्या दारात ठेवून गेला.
द्राक्षं कुत्र्याला विष. नाशिकचा असला तरी.
क्रेट टपावर बांधला.
वणीपर्यंत ती मागे चटईवर बसून आली,
एक हात त्याच्या पट्ट्यात अडकवून,
पदरानं त्याचे कान पुसत.
आरशात मला फक्त तिचा भांग दिसत होता.

रात्री ओझरखेडच्या पाण्याकाठी मुक्काम.
मी बॅटरी दातांत धरून गाडीखाली शिरलो,
पुढच्या सीटच्या बरोबर खाली
चॅसिसला भोक पाडत राहिलो.
कोपर खरचटलं. वर बारक्या उठला.
एक फेरी, दुसरी, तिसरी.
गाडी माझ्या नाकावर तीनदा हलली
आणि धपकन थांबली.

झोपला का तो? वरून शालननं विचारलं.
झोपला.
आणि तू?
मी पाना हातातून खाली ठेवला नव्हता.
अजून अर्धा आटा राहिलाय, म्हटलं.