चाचणीची रात्र

टिपणीसांची गाडी वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलात उभी असते,
सोसायटीच्या कमानीत ती मावत नाही म्हणून.
उणे वीस अंशांत चालणारा हीटर मीच बसवला तिच्यात,
मे महिन्यात, बनियन पिळत पिळत.
छपरावर चार सोलर पाट्या, पोटात दोनशे लिटर पाणी,
नदी ओलांडताना श्वास घ्यायला
हत्तीच्या सोंडेसारखी वर काढलेली नळी.
आणि आजवरचे किलोमीटर: एकशे ऐंशी.
पुण्याहून इथवर, मग एकदा पेट्रोल पंपापर्यंत.

किंमत कुंदाला आकड्यात सांगितली नाही.
म्हणालो, आपली खोली, शेजारच्या सामंतांची खोली,
आणि वर मधला जिना.

“मंगोलियाला जायचंय,” टिपणीस दर महिन्याला म्हणतात,
“जर्मनीहून एक सेन्सर आला की निघालोच.”
सेन्सर येतो.
मग आणखी काहीतरी यायचं असतं.
मी हसत नाही. माणूस पैसे वेळेवर देतो,
आणि नकाशावर बोट ठेवताना त्याचं बोट थरथरतं, हे मी पाहिलंय.

आमच्याकडे स्कूटर होती.
अठ्ठ्याण्णव साली तिच्यावरून हंपीला निघालो,
डिकीत दोन पाने, एक प्लग, किलोभर चिवडा,
कुंदाच्या पायात वहिनीच्या चपला.
जतच्या पुढे क्लचची तार तुटली.
अंधारात एक दार ठोठावलं.
आतून बाई म्हणाली, “यारू?”
त्या भाषेत आम्ही कोण, ते आम्हाला सांगता येईना.
कुंदाने तुटलेली तार कंदिलासमोर धरली.
ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी,
बाज एकच, आणि रात्रभर भिंतीपलीकडे म्हशीचा श्वास.
हंपी नंतर पाहिली.
दगड आता फारसे आठवत नाहीत.

म्हणून टपरीवर मी पोरांना ऐकवायचो,
सगळं बरोबर घेऊन निघालेल्याला
कुणाचं दार लागत नाही, मग तो गेला कुठे?
पोरं माना हलवायची. मलाही बरं वाटायचं.

पण कुंदाचं ऑपरेशन झाल्यापासून
तिला तासातासाला जावं लागतं.
चार वर्षांत आम्ही ठाण्याच्या पुढे गेलो नाही.
गाडीतला तो हातभर संडास बसवताना
माझा पाना जरा वेळ तसाच राहिला हातात.

टिपणीस म्हणाले, एक रात्र आत झोपून बघा,
बॅटरी किती टिकते, पाणी कुठे गळतं.
विचारलं, बायकोला आणू?
आणा की.

शिडीच्या पायऱ्या चार, एकेक गुडघाभर.
बाजूच्या ट्रकमधल्या भंवरलालने
संत्र्यांचा रिकामा क्रेट आणून पालथा घातला,
तेव्हा कुठे ती चढली.
प्रत्येक कप्पा उघडून पाहिला, बंद केला.
खिडकीला नाक लावलं. समोर ट्रकचं चाक.
“कुठे आलो?”
“जतच्या पुढे.”
“हॅट,” म्हणाली, पण पडदा सरकवला नाही.

रात्री दोनला तिला चहा हवा झाला.
शेगडी आहे, फ्रिज आहे, भांडी एकात एक बसणारी,
चहाची पूड नाही.
मी उतरलो. भंवरलालच्या केबिनच्या पत्र्यावर
बोटाच्या पेराने ठोठावलं.
किती वर्षांनी!
चाकांच्या मधे स्टोव्ह पेटला.
“अम्मा को चीनी चलेगी?”
चालत नाही. तरी चालली.

सकाळी टिपणीसांच्या वहीत लिहिलं:
बॅटरी ठीक. गळती नाही. हीटर लावला नाही.
खालची पायरी फार उंच. एक वाढवतो,
तिचे पैसे लावत नाही.