बेचाळिसावर

जानेवारीत कोचकोरची वीज शब्द पाळत नाही.
तिसरीच्या वर्गात अकरा मुलं, सात टॅबलेट,
त्यातल्या दोघांच्या काचेला भेगा,
आणि चार्जिंग, असलंच तर, एका धड्यापुरतं.

म्हणून मीच झाले यंत्र.
खडू खाली ठेवला, डोळे मिटले,
म्हटलं, शेगडीत कोळसा घालायचाय.
मला काही म्हणजे काही कळत नाही,
तुम्ही सांगाल तेवढंच करीन.

"पुढे चला, एजेके!"
चालले. चालतच राहिले.
बाक आडवा आला तरी चालत राहिले,
गुडघा आपटला, फळ्याला नाक टेकलं.
थांबा असं कोणी म्हटलंच नव्हतं.
हसून हसून वर्ग आडवा.
बेगायिम ओरडली, "एवढं तर कुणालाही कळतं!"
कुणालाही कळतं, पोरी.
यंत्र कुणीही नसतं.

"हात पुढे करा." कोणता?
"कोळसा उचला." किती?
"फावड्यानं!" फावडं मी उलटं धरलं.
अर्धा तास गेला, शेगडी गारच,
आणि एर्मेक वैतागून म्हणाला, त्यापेक्षा मीच घालतो की.
आमचे मुख्याध्यापकही असंच म्हणतात.

तेव्हा मागच्या बाकावरून आदिलेत,
जो हजेरीलाही नुसती मान हलवतो,
हळूच बोलला:
"आधी डोळे उघडा."

मग पासवर्डाचा धडा.
गुपित म्हणजे काय, विचारलं,
तर प्रत्येकानं आपल्या घोड्याचं नाव
हात वर करून मोठ्यानं सांगितलं.
कान्यकेय म्हणाली, आईला निरोप आला होता,
तुम्हाला फोन बक्षीस लागलाय, फक्त चार हजार सोम भरा.
भरले?
तिनं स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.
त्या दिवशी पुस्तक मिटलं मी,
तो निरोप फळ्यावर जसाच्या तसा उतरवला,
आणि अकरा जणांनी त्याच्यातलं खोटं
तांदळातल्या खड्यांसारखं वेचून काढलं.
पैसे अर्थात परत आले नाहीत.

शुक्रवारी वीज आली.
काम सोपं होतं: घरची मेंढरं पडद्यावर काढा,
एकेक करून मेंढवाड्यात घाला.
आकडे मागच्या आठवड्यातच वहीत लिहून घेतले होते.
आदिलेतचा त्रेचाळीस.

त्याची मेंढरं गोल गोल, पाय नुसत्या काड्या,
उड्या मारत आत चालली.
मी मागे उभी राहून मोजत होते,
चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस,
आणि सगळं थांबलं.

ही चूक मला तोंडपाठ आहे.
दरवर्षी कुणीतरी एकानं चुकतंच.
बिश्केकच्या प्रशिक्षणात पूर्ण एक दुपार
आम्हाला कुंपणाचे खांब मोजायला लावले होते.
मी त्याच्या शेजारी टेकले, पेन उघडलं,
जरा लाडातच विचारलं,
"शोध बरं, एक कुठं हरवलं?
शून्यापासून मोजलंस का?"

"नाही, एजेके. बरोबर आहे.
परवा रात्री लांडगा आला होता."

मी पेनाला टोपण लावलं.
ते नीट बसेना.

मग दिसलं, शेवटी त्यानं एक ओळ जादा घातली होती:
दार लावण्याआधी थांब.
किती वेळ, ती चौकट रिकामी.
यंत्र तिथंच अडून बसलं होतं, आकडा मागत.
"भर काहीतरी," मी म्हटलं. "एक. दोन. तुला वाटेल तो."

घंटा झाली. बाकीचे टोप्या ओढत पळाले,
कुणीतरी दार उघडंच टाकलं, गारठा आत आला.
तो बसून राहिला,
आकड्यांवर बोट धरून.