नव्वद सेकंद

विजयनगरातलं ते हॉटेल बुडालं
आणि लिलावात खुर्च्या, तवे, काउंटरवरची पितळी घंटी,
या सगळ्यांच्या मागे ते उभं होतं
माझ्या खांद्याएवढं, पोलादी, चौकोनी,
झाकण वर करून, आ वासून.

बँकेत एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची कर्जं तपासली.
आयुष्यातली पहिली बोली लावली
ती भांडी धुण्याच्या यंत्रावर.

सुदामानगरात आम्ही माणसं दोन.
रात्रीची ताटं दोन, वाट्या चार, कुकर,
आणि श्रीरंग रोज नेमाने करपवतो ते दुधाचं पातेलं.
मुलगा फोनवर म्हणाला, आई, घरगुती मिळतात की,
ओट्याखाली मावतात.
मावतात, माहीत आहे.
बोळ्यांकडे आहे तसलं. अडीच तास गुणगुणतं,
मध्येच थांबतं, विचार करतं,
काहीतरी आठवल्यासारखं पुन्हा सुरू होतं.
मला विचार करणारं नको होतं.

थ्री-फेजची वायर ओढताना अस्लमभाईंनी विचारलं,
"मॅडम, ढाबा खोल रही हो क्या?"
मी म्हटलं, बघू.

रॅक सरकवायचा. दांडा खाली ओढायचा.
आत एकदम पूर येतो,
आणि पोह्यांची बशी निवायच्या आत
सगळं थांबतं. नव्वद सेकंद.
झाकण उचललं की वाफ चष्म्यावर,
ताटं इतकी गरम की पुसावी लागत नाहीत,
आपली आपणच वाळतात.
मी काही दिवस नुसतीच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

नर्मदेचं पाणी दिवसाआड, मधल्या दिवशी बोअरिंगचं,
त्याचे पांढरे डाग, म्हणून मिठाची गोणी.
श्रीरंग रात्री टॉर्च घेऊन मीटर वाचायचा
आणि आकडा मोठ्याने सांगायचा,
बातम्यांसारखा.

सुगनबाई मात्र दारातच थबकली.
एकोणीस वर्षं आमच्या मोरीत तिची बोटं भिजली.
यंत्राभोवती एक चक्कर मारली, विचारलं,
"इनी की पगार कितरी है?"
मी म्हटलं, तुझी तीच राहील.
तिने ऐकलं, विश्वास ठेवला नाही,
आणि लोखंडी तवा उचलून बाजूला ठेवला.
"यो इनी में नी जायगो."
बरोबर होतं. पुस्तिकेतही तेच लिहिलं होतं, पान अकरा.

डिसेंबरात तिच्या धाकटीचं लग्न.
दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी टेम्पो.
अहीरखेडीतल्या घराघरांतून मागून आणलेली
दोनशे चाळीस ताटं,
दालबाफल्याचं तूप त्यांवर मेणासारखं थिजलेलं.
सुगनबाईने पदर खोचला, दांडा धरला
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, तुम्ही भरा.

मी भरत गेले. ती ओढत गेली.
स्वयंपाकघरात धुकं झालं.
त्या दिवशी पहिल्यांदा कळलं
की हे यंत्र इतके महिने उपाशी होतं.

मग ओट्यावर बसून नावं वाचली.
ताटांच्या काठांवर सुईने कोरलेली:
गेंदालाल. रामकन्याबाई, संवत २०४१.
सौ. भूरी, मामाकडून.
एवढ्या गरम पाण्यात एकही पुसलं गेलं नव्हतं.
ती सांगायची कोणाचं, मी गठ्ठा लावायचे.

एकशे कितव्या तरी ताटावर मराठी अक्षर होतं.
चि. सौ. कां. शरयू, लग्नाची भेट, इंदूर.
माझंच. हरवून बारा वर्षं झालेलं,
त्यावरून मी तेव्हा घरभर आदळआपट केली होती.
तिला वाचता येत नाही.
"यो किनको है?" तिने विचारलं.
मी म्हटलं, अक्षर लागत नाही,
आणि तिच्या गठ्ठ्यावर ठेवलं.

तिने ते उचललं,
उलटंसुलटं करून पाहिलं,
आणि माझ्या ओट्यावर, तव्याशेजारी, परत ठेवलं.

रात्री श्रीरंग मीटर वाचून आला.
आकडा सांगायला तोंड उघडलं,
ताट पाहिलं,
म्हणाला, जेवायला वाढ.