दावं

राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस फूट झालं,
तेव्हा आम्ही फक्त मोटर वर घेतली.
पाच हॉर्सपॉवरची, गाळात रुतून बसलेली.
दोन वाशांना चऱ्हाट बांधून
मी, धाकटा दीर
आणि शेजारच्या वावरातला दस्तगीर मुल्लाणी,
ज्याच्याशी बांधावरून सहा वर्षं बोलणं नाही.
त्या दिवशीही बोललो नाहीच.
"हं, उचला. हं, टेकवा" एवढंच.
त्याला कुणी बोलणं म्हणत नाही.

एक्केचाळीसला ऊस बुडाला.
वर नुसते शेंडे,
पाण्याला खुरटी दाढी आल्यासारखे.

तळेगावहून पोराचा फोन.
"आई, फूट किती?"
आमच्यात पावसाळ्यात कशी आहेस असं विचारत नाहीत.
फूट सांगितले की त्यात सगळं येतं,
गुडघे, चूल, झोप लागली का, सगळं.
"बेचाळीसला दोन इंच कमी," मी म्हटलं.
तो गप्प बसला.
मागं त्याच्या कंपनीचा भोंगा वाजला.

तांदळाचे डबे वर गेले, गॅसची टाकी वर गेली,
सातबारा, रेशनकार्ड, म्हशींच्या विम्याचे कागद
दूध संस्थेच्या पिशवीत घालून पिशवी खुंटीला.
खुंटीवरची चोळी काढून खाली ठेवली,
मग हसू आलं, आणि तीही परत वर.

चार म्हशी दिरानं सोनतळीच्या माळावर नेल्या.
पाचवी चंद्री. गाभण, आठवा महिना,
डावं शिंग डोळ्यावर आलेलं.
ती उंबऱ्याशी पाय रोवून उभी राहिली ती राहिलीच.
ओढली, चुचकारली, शेपूट पिरगाळली,
आईवरून शिव्या दिल्या, मग तिच्या पाया पडले.
"सकाळी बघू," दीर म्हणाला.

सकाळ पाण्यानं बघितली नाही.
राधानगरीचे दरवाजे उघडल्याचं
रात्री भोंग्यावरून ओरडत गेले,
आणि वीज गेली.
गोठ्यात माझ्या मांडीपर्यंत पाणी,
चंद्रीच्या पोटाला लागलेलं.
आतलं वासरू पाण्याचा आवाज ऐकत असेल का,
असलं काहीतरी डोक्यात येत होतं त्या वेळी.
दाव्याची गाठ भिजून दगड झालेली.
ते दावं मीच वळलेलं, उन्हाळ्यात,
चुलतसासूबरोबर पैज लावून,
कुणाचं जास्त टिकतंय बघू म्हणून.

विळा चालवला.
तीन घाव लागले. चांगलं वळलं होतं.

ती गेली.
वळून बघितलं नाही तिनं,
आणि ते बरंच झालं.

नवव्या दिवशी पाणी उतरलं.
भिंतीला माझ्या खांद्याएवढी मातकट रेघ,
कणगीत मेलेली धामण,
आणि वास. वासाचं कुणाला सांगता येत नाही.
बांधाचा दगड गेला होता.
दस्तगीर पलीकडं, मी अलीकडं,
मध्ये सपाट, गुळगुळीत, कुणाचाच नसलेला गाळ.
"हितं होता," तो म्हणाला.
"न्हाई, हितं," मी म्हटलं.
सहा वर्षांनी बोललो ते हे.
मग त्यानं पान पुढं केलं. मी चुना मागितला.

संध्याकाळी कुरुंदवाडच्या कुणा पोरानं
मोबाईलवर फोटो पाठवला:
"वहात आलीय, गाभण आहे, कुणाची?"
दिरानं स्क्रीन माझ्या डोळ्यांशी धरली.
दोन्ही शिंगं सरळ मागं गेलेली.
चंद्री नव्हे.

पण गळ्यात हातभर दावं लोंबत होतं
आणि त्याचं टोक तुटलेलं नव्हतं, झिजलेलं नव्हतं,
कापलेलं होतं. दोन-तीन घावांत.
वर कुठल्यातरी गावात, त्याच रात्री,
अंधारात कुणीतरी माझ्यासारखंच
मांडीएवढ्या पाण्यात उभं होतं.

"कळीव त्याला," मी दिराला म्हटलं,
"आमची न्हवं म्हणावं.
पण मालक येईस्तवर संभाळ.
ओली वैरण घालू नको.
आणि ते दावं टाकू नको,
ज्याचं त्याला ओळखू येतंय."

आता नवीन वळायला बसलेय.
अंबाडी अजून दमट आहे, पीळ धरत नाही.
कुणासाठी वळतीस, दीर विचारत नाही.
तो भिंतीवरची रेघ
कोळशानं ठळक करतोय.